पाठभेद

कोणती घेऊ, असं विचारतोस,
हातात एकाच रेकॉर्डचे चार अवतार धरून.
बाहेर हेक्समच्या चौकात बाजार उठतोय.
घाई नसेल तर त्या स्टुलावर बस.
मांजराला सरकव. ती चावत नाही.

लॅपविंग फेअर. टिटव्यांची जत्रा.
पाच जण, एक गळका गोठा,
कुणाच्या तरी मेहुण्याचा टेपरेकॉर्डर
आणि एकाहत्तरचा फेब्रुवारी.
‘विंटर फॉडर’ हे नावही तिथलंच:
ड्रमला जागा नव्हती, तो वैरणीच्या गंजीवर ठेवला,
म्हणून त्याचा आवाज असा
पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा.

ही पहिली छपाई. बाजू दुसरी, गाणं तिसरं.
तीन मिनिटं बारा सेकंद झाली की कान दे.
खट्.
ती दाराची कडी.
मग वारा, एक श्वासभर,
आणि शेवटच्या कडव्यात फिडल नाही.
नुसता बाईचा आवाज
आणि फिडल जिथे असायला हवी होती तिथे
पाट मांडून ठेवल्यासारखी जागा.

मी सोळा वर्षांचा होतो. मला वाटलं,
काय योजना आहे!

ही अठ्ठ्याऐंशीची सीडी.
कल्हई लावलेल्या पातेल्यासारखी लख्ख,
वाकून पाहिलं तर तोंड दिसतं,
पातेल्यात मात्र काही शिजत नाही.
वारा गेला. कडी गेली.
कुणी तरी गोंगाट समजून पाखडून टाकली.

हा संग्रह, निवडक वीस.
वीस बसवायची म्हणून याचं शेवटचं कडवंच गाळलं,
लग्नाच्या फोटोतून भांडलेला मामा कातरावा तसं.
आवाज हळूहळू मावळतो.
ज्यांनी हेच आधी ऐकलं त्यांना वाटतं
गाणं असंच संपतं.

आणि हा मागच्या शरदातला खोका.
पाच तबकड्या, विटेएवढं पुस्तक, फोटो, तळटीपा.
संपादक मोठा व्यासंगी माणूस, नाव ठेवायला जागा नाही.
त्याने आदल्या दिवशीच्या खेपेतली फिडल उचलली
आणि शेवटच्या कडव्यात इतकी बेमालूम सांधली
की शिवण सापडत नाही.
खाली बारीक टाइपात:
‘मूळ प्रतीत येथे वादन त्रुटित. मेंढी विण्याच्या वेळेस
ऑस्विन मिलबर्न यांना बाहेर जावे लागले.’

हेस्टर चार्लटन गुरुवारी येते.
सत्त्याहत्तरची, पायात अजून शेतातलेच बूट.
नवी आवृत्ती आली की इथे उभी राहूनच ऐकते,
तेवढंच गाणं, तेवढाच तुकडा.
सीडीच्या वेळी म्हणाली, हं.
संग्रहाच्या वेळी काहीच नाही.
खोक्यातलं ऐकलं तेव्हा हेडफोन काढून
कितीतरी वेळ वायर बोटाला गुंडाळत राहिली.
म्हणाली, यात तो गेलाच नाही.

मी तळटीप दाखवली.
हसली. फेब्रुवारीत कुठली मेंढी विते रे, त्या माळावर?
मी होते दाराबाहेर. बर्फात. एवढंच.

एवढंच म्हणाली.
मी पुढे विचारलं नाही.
तो कुठे गेला, किती दिवसांसाठी,
ही बाहेर का उभी होती,
कुठल्याच आवृत्तीत नाही.

पण तेव्हापासून माझी पंचाईत झालीय.
पूर्वी मी सरळ सांगायचो, खोका घे, आवाज भरीव आहे.
खोटं नाही ते. खरंच भरीव आहे.
आता ते कडवं लागलं की वाटतं
उठून गेलेल्या माणसाला
दंड धरून कुणी परत बसवलंय,
आणि तो वाजवतोय,
सुंदर वाजवतोय,
दाराकडे पाहत.

ती? ती नाही रे विकायची.
तिच्यावर ओरखडे आहेत, काट्याखाली उडी मारते,
आणि किंमत सांगितली तर तू मला वेड्यात काढशील.

गाडीत ऐकायचीय म्हणतोस?
मग संग्रहच ने.
अकरा पौंड.
पिशवी हवी?